सगळ्याच दारांना ठिपका

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांची यादी लहान नाही. अनसिंगच्या शाळेतले मास्तर, आईनं रोज पहाटे उठून बांधलेली भाकर आणि वडिलांची जन्मभराची मजुरी नसती, तर आमच्या घरात पदवीचा कागद आलाच नसता. पण सगळ्यांत मोठं ऋण कोणाचं, असं विचारलं तर मी गोदाबाईंचं नाव घेईन. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. पुढची तीस वर्षं मी जे काम केलं ते कसं करायचं, हे मला त्यांनी शिकवलं. आणि माझ्यावर राग धरायचा पुरेपूर हक्क असताना शिकवलं.

गोदाबाई हे त्यांचं खरं नाव नाही. गावाचं नावही लिहीत नाही. मानोऱ्याकडच्या रस्त्यावर, एसटी थांबते तिथून पायी तासभर, एवढं पुरे. काय लिहायचं नाही, हेच तर मी तिथं शिकलो.

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत वाशीम जिल्हा व्हायचा होता. आम्ही सगळे अकोला जिल्ह्यातले. मी बी.ए. झालो, काही महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं आणि कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून एका पथकात लागलो. काम समजायला अवघड नव्हतं. गावात जायचं, घराघरातल्या माणसांना उजेडात उभं करून अंग तपासायचं. फिकट चट्टा दिसला तर त्या माणसाला डोळे मिटायला सांगायचं आणि चट्ट्यावरून कोंबडीचं पीस फिरवायचं. कुठं लागलं ते त्यानं बोटानं दाखवायचं. दाखवता आलं नाही तर ती जागा बधिर. मग कार्ड भरायचं, गोळ्या सुरू करायच्या आणि दर महिन्याला घरी जाऊन गोळ्या द्यायच्या. वर्षानुवर्षं.

कोपराजवळची नस कशी चाचपायची, कार्डाचे रकाने कसे भरायचे, हे सगळं प्रशिक्षणात होतं. माणसाशी बोलायचं कसं, यावर एक तासही नव्हता. एक वाक्य मात्र घोकून घेतलं होतं : रोग्यास रोगाची स्पष्ट कल्पना द्यावी. मी स्पष्ट द्यायचो, आणि मोठ्यानं द्यायचो. शाळेत मोठ्यानं उत्तर देणाऱ्या पोराला शाबासकी मिळायची. ती सवय अंगात मुरलेली होती.

आता माझी युक्ती सांगतो. हिवतापाची फवारणी करणारे लोक प्रत्येक घराच्या भिंतीवर एक चौकोन काढून त्यात तारीख टाकून जात. ते पाहून मला सुचलं. ज्या घरी रोगी सापडेल त्या घराच्या चौकटीवर गेरूचा एक ठिपका लावायचा, बोटाच्या पेराएवढा. पोळ्याला बैल रंगवायचा गेरू गावोगाव मिळायचाच. माझा हेतू चांगला होता. दर महिन्याला 'अमक्याचं घर कुठं' असं गावात विचारत फिरावं लागू नये, म्हणजे रोग्याचा बोभाटा होणार नाही. आमच्या डॉक्टरसाहेबांनी ही युक्ती मासिक बैठकीत सगळ्यांना सांगितली. म्हणाले, "पदवीधर माणूस घेतला की असा फरक पडतो." त्या दिवशी मी घरी चालत नाही, तरंगत गेलो.

नऊ गावांत मी ठिपके लावले. दहावं गाव गोदाबाईंचं.

त्या तिशीच्या आतबाहेरच्या. चुलीपुढून उठून आल्या तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांवर भाजल्याचे फोड होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मी त्यांना अंगणात उभं केलं. सासू भागीरथीबाई ओसरीवर गहू निवडत होत्या, नवरा महादेव दोर वळत होता, लहान मुलगी त्याच्याजवळ खेळत होती. मनगटाच्या वर मोठा चट्टा होता. पीस फिरवलं. गोदाबाई डोळे मिटून उभ्या राहिल्या, बोट उचललंच नाही.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"काय?"

"हा चट्टा. घरात आधी कोणाला महारोग होता का? माहेरी? कोणापासून लागला?"

मी कार्ड भरता भरता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की ही महारोगाची केस आहे, पण घाबरायचं कारण नाही, सरकार गोळ्या फुकट देतं. कुंपणापाशी पाचसात माणसं जमली होती. त्यांनाही कळावं म्हणून शेवटचं वाक्य दोनदा म्हणालो. जाताना चौकटीवर ठिपका लावला.

महिन्यानं गेलो तेव्हा गोदाबाई घरात नव्हत्या. महादेवनं कोठ्याकडं बोट दाखवलं. कोठा म्हणजे आमच्याकडं गुरांची जागा. बैलांच्या गव्हाणीपलीकडं तुराट्यांचा आडोसा करून त्यांची चटई टाकली होती. शेजारी मातीचं एक भांडं. तेवढ्यात भागीरथीबाई तांब्या घेऊन आल्या आणि हात उंच करून त्या भांड्यात वरून पाणी ओतलं. शिंतोडा उलट अंगावर येऊ नये म्हणून एक पाऊल मागं सरकून ओतलं.

ती पाण्याची धार मी ओळखत होतो. माझ्या वडिलांनी अर्धं आयुष्य तशाच धारेखाली ओंजळ धरली होती. आमचं घर बौद्ध झालं तेव्हा मी पहिलीत होतो. त्या दिवसापासून वडिलांनी ओंजळ पुढं करणं सोडलं. तहानलेले घरी येत, पण ओंजळ धरत नसत. त्यांचा मुलगा बी.ए. झाला, सरकारी पिशवी खांद्याला लावून गावोगाव फिरला आणि लोकांच्या दारावर खुणा करत सुटला. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर एक वेळ समजलं असतं. मला माफी नव्हती.

महादेव मागून म्हणाला, "सायेब, ते लाल बोट तुमीच लावलं न? लोकं पानी प्याले थांबत नाईत आता आमच्या दारी."

मी गोळ्या पुढं केल्या. गोदाबाईंनी घेतल्या नाहीत.

"मले एक सांगा," त्या म्हणाल्या. "तुमी मले डोये मिटाले लावले. म्या मिटले. उघडले तं सारं गाव उभं होतं. काहून?"

मग मी म्हणालो, "चुकलं माझं. गोदाबाई, मी तो ठिपका आत्ता पुसून टाकतो."

"पुसून काय होते? मातीची भित हाय. पुसलं तं तेवढीच जागा उजळ दिसन. मंग लोकं म्हनतीन, हे पाय, येथी होतं." मग म्हणाल्या, "लावाचंच असन तं साऱ्याच घराले लावा."

मला वाटलं त्या चिडून बोलतायत. त्या चिडून बोलत नव्हत्या. सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी गेरूचा डबा भरून पुन्हा त्या गावी गेलो. ठिपका म्हणजे 'या घराची तपासणी झाली', एवढंच. पण मग तपासणी खरोखर व्हायला हवी होती. पहिल्या फेरीत मी मोठी घरं सोडली होती. ती सगळेच सोडायचे. या वेळी पहिलं घर सरपंचांचं घेतलं.

सरपंच दारातच म्हणाले, "आमच्या दाराले रंग? गड्या, तुले कोनं धाडलं?"

"सरकारनं."

"सरकारले सांग, येथी कोनाले काई नाई."

"तेच लिहायचं आहे. पण पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही."

"अन् नाई दाखवलं तं?"

"तर कार्डावर लिहीन, सरपंचांनी अंग दाखवायला नकार दिला. वाचणारा काय समजायचं ते समजेल."

त्यांनी सदरा काढला. मी त्यांना आत, खिडकीच्या उजेडात बसवलं, दार लोटून घेतलं. शेजारी बसलो. आधी विचारलं, हात लावू का. सरपंच चमकून पाहायला लागले; असं त्यांना कोणी विचारलं नसावं. "लाव बाप्पा," म्हणाले. निघताना मी त्यांच्या चौकटीवर ठिपका लावला आणि तो त्यांनी स्वतः लांबून पाहिला, सरळ आला का म्हणून.

त्या गावाला मला पाच दिवस लागले. पथकात माझी हजेरी लागली नाही. पाटलाचं घर, दुकान, आमच्या लोकांचा बौद्धवाडा, शेवटचं सुताराचं खोपट, सगळीकडं ठिपका. या फेरीत आणखी दोन घरांत चट्टे सापडले. कोणत्या, ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तिनं खूप विचारून पाहिलं.

एवढ्यानं गोदाबाई घरात आल्या असतील, असं कोणाला वाटलं असेल तर तसं नाही. ठिपक्याचं विष उतरलं, पण भागीरथीबाई हलेनात. पहिल्यांदा मी त्यांना पुस्तकातलं सगळं सांगितलं : या जातीच्या चट्ट्यानं दुसऱ्याला लागण होत नाही, तुमच्या नातीला धोका नाही. त्यांनी मान हलवली आणि संध्याकाळी पाणी पुन्हा वरूनच ओतलं. पुढच्या महिन्यात मी पिशवी कोपऱ्यात ठेवली, त्यांच्यासोबत गव्हातले खडे काढायला बसलो आणि फक्त विचारलं, "माय, भीती कशाची वाटते?"

बराच वेळ त्यांची बोटं सुपात फिरत राहिली.

"माह्या बापाले होता," त्या म्हणाल्या. "गावानं बंडीत बसोलं अन् नदीच्या पल्याड नेऊन सोडलं. मी बंडीच्या मांगं धावली. चुलत्यानं धरून आनली. मंग कोनं पायलं नाई, मेला का हाय." सुपातला एक खडा त्यांनी उचलून फेकला. "लोकं मले म्हनते, सुनीले छळून राह्यली. मी तिले बंडीत नाई बसोलं. डोयापुढं ठेवलं. कोठ्यात हाय, पन हाय न."

मी या बाईला मनात निर्दय ठरवून मोकळा झालो होतो. त्यांच्या लेखी कोठा म्हणजे सुनेला वाचवायची जागा होती. घरात ठेवलं तर गाव बंडी घेऊन येईल, एवढी एकच गोष्ट त्यांना ठाऊक होती. आणि ज्या दिवशी मी अंगणात ओरडून 'महारोग' म्हणालो, त्या दिवशी त्यांना बंडीची चाकं ऐकू आली असणार.

"आता बंडी येणार नाही," मी म्हणालो. "आली तर मी आडवा झोपेन."

त्यांनी प्रथमच माझ्याकडं नीट पाहिलं. "तुमी कोन?"

त्या प्रश्नाचा अर्थ आमच्या भागात लहान पोरालाही कळतो. मी सांगितलं.

"मंग तुमाले तं सारं माहीतच हाय," त्या म्हणाल्या. आणि कोठ्याकडं तोंड करून हाक मारली, "गोदे, पानी आन भाऊले."

गोदाबाई तांब्या घेऊन अंगणातून ओसरीवर आल्या. मी तो हातातून हातात घेतला आणि कुंपणापलीकडचे लोक पाहत असताना तोंड लावून प्यालो. आजवर इतकं गार पाणी प्यायलेलो नाही. खरं तर ते कोमट होतं.

त्या महिन्यात गोदाबाईंची चटई कोठ्यातून ओसरीत आली. चुलीपाशी त्या दिवाळीच्या सुमारास बसल्या.

मधल्या काळात त्यांनी मला शिकवलं. त्या कधी 'असं करा' म्हणाल्या नाहीत. चुकलो की बोट ठेवायच्या. 'केस' म्हणालो तर म्हणायच्या, "केस कोर्टात असते. मी बाई हाय." 'कोणापासून लागला' हे मी सोडलं, कारण त्या म्हणाल्या, "तुमी इचारलं तवा मले वाटलं, माह्या मेलेल्या मायले पोलिसात देऊन राह्यले." मी 'भाकर काढताना चटका कळतो का' असं विचारायला लागलो. माणूस त्या प्रश्नाला उत्तर देतो. त्यात कोणावर आळ नसतो. उभ्यानं बोलायचं नाही, आधी बसायचं, हेही त्यांचंच. मी गल्लीत शिरलो की पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत प्रत्येक ओसरीवर तेवढाच वेळ बसायचो. गोळ्या कोणत्या घरात राहिल्या ते गल्लीला कळायचं नाही. दिवसाला चार घरं कमी व्हायची. होऊ देत.

आधीच्या नऊ गावांतही मी डबा घेऊन परत गेलो. आठ गावांत सगळ्या दारांना ठिपके लावले. नवव्या गावात ज्या घराला माझा ठिपका होता त्या घराला कुलूप होतं. माणसं कुठं गेली, हे शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. त्या गावात ठिपके लावून कोणाला उपयोग होणार होता? तरी लावले. ते कुलूप अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आता ऑफिसचं. आमच्याकडं एक यादी असे, तिचं नाव 'कसूरदार रोगी'. सलग दोन महिने जो गोळ्या घेणार नाही तो कसूरदार. जसं काही त्यानं दरोडा घातला. अशाला छापील पोस्टकार्ड जायचं : आपण महारोगाचे रोगी असून गोळ्या घेण्यात कसूर केली आहे, तरी त्वरित हजर व्हावं. उघडं कार्ड, वर पत्ता, खाली शिक्का.

पुढच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत गोदाबाई बहिणीच्या बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि दोन फेऱ्या चुकल्या. यादीत नाव आलं. डॉक्टरसाहेबांनी कार्ड माझ्यापुढं सरकवलं.

"पत्ता घाला आणि टाका."

"साहेब, हे पोस्टमन वाचेल. तिच्या घरात वाचता येणारं कोणी नाही. तो ते पारावर मोठ्यानं वाचून दाखवेल."

"मग तिनं गोळ्या का घेतल्या नाहीत?"

"माहेरी गेली आहे. परत आली की मी जाऊन देतो."

"नियम तुम्ही केला का?"

"नाही."

"तुम्ही तिचे वकील आहात?"

"नाही साहेब. तिच्या दाराला एकदा मी ठिपका लावला आहे. दुसरा लावणार नाही."

साहेब वाईट नव्हते. माझ्या युक्तीचं कौतुक त्यांनीच केलं होतं. ते म्हणाले, "अहो, शब्दानं काय होतं? रोग गोळीनं बरा होतो."

मी म्हणालो, "गोळी द्यायला आधी दार उघडावं लागतं, साहेब." हे उत्तर मला त्याच वेळी सुचलं, याचा मला अजून अभिमान आहे. एरवी मला उत्तरं घरी पोचल्यावर सुचतात.

मेमो आला : आदेश डावलल्याबद्दल खुलासा करावा. सहकाऱ्यांनी मसुदा करून दिला, 'नजरचुकीने' असा. मी तो फाडला आणि दोन ओळी लिहिल्या : आदेश डावलला हे खरं आहे. कार्ड पाठवणार नाही.

आई रडली. म्हणाली, नोकरी गेली तर? वडील विडी बाजूला ठेवून म्हणाले, "त्यानं ओंजय नाई धरली. बरं केलं."

नोकरी गेली नाही. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला बदली झाली आणि त्याच दिवशी कार्यमुक्त केलं. गोदाबाईंकडं एकदा जायलाही सवड मिळाली नाही. कपाटातला छापील कार्डांचा पूर्ण गठ्ठा मात्र माझ्या ट्रंकेत आला. पुढं त्याची शोधाशोध झाली, असं ऐकलं. हे चोरीत मोडतं. मोडू दे. आज पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा नेईन.

गोदाबाईंना कळवणं भाग होतं. मी येणार नाही, दुसरा माणूस येईल, गोळ्या थांबवू नका. पण पत्र वाचून कोण दाखवणार? पोस्टमनच, पारावर, दहा माणसांत. बंद पाकीट पाठवलं तर गाव म्हणेल, काय लपवून राह्यले? म्हणून मी साधं उघडं पोस्टकार्ड घेतलं. दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा लिहिलेल्याची नक्कल माझ्याजवळ आहे.

*

गोदाबाईंना आणि घरातल्या सगळ्यांना नमस्कार.

माझी बदली झाली. अचानक निघावं लागलं, भेटायला येता आलं नाही. महादेवभाऊंना सांगा, बैलजोडी उत्तम आहे, विकू नका. मायच्या गुडघ्याला शेक द्या.

माझ्या जागी दुसरे भाऊ येतील. ते गावात सगळ्यांकडं येतात तसे तुमच्याकडंही येतील. त्यांना उभ्यानं बोलू देऊ नका. आधी बसवा, पाणी द्या, मग काय ते बोला. मी जे न चुकता देत होतो ते त्यांच्याकडून न चुकता घ्या. नवा माणूस आहे, चुकेल. मला सांगितलंत तसं त्याला सांगा.

भाकर काढताना फडकं धरत जा. माझ्या आईलाही मी हेच सांगतो. दिवेलागणीला हातपाय धुतले की नीट पाहून घेत जा, गहू निवडतो तसे.

माझं जे चुकलं ते इथं लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. तुमच्या घरचं पाणी विसरणार नाही.

हे पत्र जे कोणी वाचून दाखवत असतील त्यांना विनंती, मोठ्यानं वाचा. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या.

तुमचा भाऊ.